अर्ध्या शेपटीचा कोयोट

मला तो मेलेला हवा होता. पकडलेला नको, हाकललेला नको, कुठल्या अभयारण्यात नेऊन सोडलेला तर मुळीच नको. आमच्या मागच्या अंगणात, बर्फावर आडवा पडलेला हवा होता, आणि तो पडताना मला माझ्या डोळ्यांनी बघायचं होतं.

माझी बुंदी नेली त्याने. बीगल जातीची कुत्री होती, लांब कानांची, खादाड आणि एक नंबरची लबाड. नोव्हेंबरातली संध्याकाळ. साडेपाच वाजले असतील, पण मिनेसोटात त्या दिवसांत साडेपाचला मिट्ट काळोख असतो. मी भाकरी थापत होते. मागून एकच किंकाळी आली आणि मी पिठाच्या हातांनी धावले. मागचं दार अर्धवट उघडं होतं. शेडच्या दिव्याखालून काहीतरी पळालं. तोंडात माझं पोर, आणि मागे शेपूट, तीही अर्धी, कधीतरी कुठेतरी तुटलेली. तेवढंच दिसलं मला. सकाळी झाडांपाशी तिचा पट्टा मिळाला, तो मी स्वयंपाकघरात खिळ्याला टांगला.

इथे याला कोयोट म्हणतात. कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून बारका, आणि दोघांहून हलकट.

दार कुणी उघडं टाकलं? मीच, दुसरं कोण. पाचच्या सुमाराला मी कचरा टाकायला गेले होते. रात्री हेमचंद्रला म्हटलं, "दार माझ्याच हातून राहिलं असणार रे." माझा नवरा शेकोटीत लाकूड सरकवत म्हणाला, "असेल. जाऊ दे, रेखा." त्या 'असेल'वर मी कितीतरी रात्री डोळे टक्क उघडे ठेवून काढल्या. सांता क्लाराहून अमेयचा फोन आला. आमचा मुलगा, चांगला पस्तिशीचा घोडा. आईचं सगळं रडगाणं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मॉम, जस्ट गेट अनदर डॉग." त्याला मी जे सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

लोकांना वाटतं, कुत्रं तर होतं. कुत्रं नव्हे हो. या घरात माझ्या बाजूने असलेली ती एकटीच होती. मी नागपूरची, हेमचंद्र अमरावतीचा, मेडिकलला एकाच वर्गात, म्हणून मी नवऱ्याला नावाने हाक मारते. अमरावतीच्या सासूबाईंना ते शेवटपर्यंत पचलं नाही. इकडे येऊन सहा-सहा महिने राहायच्या, माझ्या वरणात मीठ शोधायच्या. परत गेल्या तरी सुटका नव्हतीच. रोज संध्याकाळी साडेपाचला, तिकडे पहाटे पाचला, त्या उठून चहा घ्यायच्या आणि इकडे हा अस्थितज्ज्ञ हातातलं काम टाकून फोनवर. ती वेळ चाळीस वर्षं आईची. माझा वाढदिवस असो नाहीतर माझं ऑपरेशन, त्या वेळेत हेमचंद्र माझा नव्हता. रिटायर झाल्यावर मी बुंदी आणली, आणि साडेपाचला ती माझ्या पायांवर येऊन बसायची.

तर सूड घ्यायचा होता. नुसतं हात चोळत बसणाऱ्यांतली मी नाही.

मी यतीनला फोन केला. तोही नागपूरचा, ईडन प्रेरीत राहतो, सॉफ्टवेअरमध्ये आहे, चाळिशी उलटलेली. दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जातो आणि त्या मटणाचा सावजी रस्सा करून सगळ्यांना रडवतो. त्याच्याकडे रायफल आहे, लायसन्स आहे, आणि आम्ही शहराच्या हद्दीबाहेर राहतो, जिथे रस्त्यावरचे दिवे संपतात, त्यामुळे गोळी झाडायला आडकाठी नाही. नियमांचं पान त्याने मला फोनवर वाचून दाखवलं. कोयोटला इथे सीझनसुद्धा लागत नाही म्हणे.

"पण मावशी, अंधारात मारणार कसा? आधी दिसला पाहिजे ना यार. कुठून येतो, किती वाजता येतो, हे कळलं पाहिजे. तुम्हाला थर्मल स्पॉटर लागेल. हातात धरायची दुर्बीण असते. उजेड लागत नाही तिला. अंगातली ऊब दिसते. गरम ते पांढरं, गार ते काळं."

"मग चल घ्यायला," मी म्हटलं.

हेमचंद्र वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाला, "सोड ना, रेखा. मुकं जनावर आहे. त्याला काय कळतं?"

"त्याला कळावं म्हणूनच चाललेय," मी म्हटलं आणि कोट चढवला.

ते शिकारीचं दुकान म्हणजे एक गावच होतं. दारातच भुसा भरलेलं अस्वल. स्पॉटरच्या काउंटरवर डेल नावाचा पांढऱ्या दाढीचा माणूस. माझ्या साडीवरच्या जाड कोटाकडे बघून त्याने गोड आवाजात विचारलं, "नवऱ्यासाठी गिफ्ट का, मॅम?"

"माझ्यासाठी. एक खुनी शोधायचाय."

यतीन घाईघाईने मध्ये पडला, "कोयोट, कोयोट. त्यांना कोयोट म्हणायचंय."

डेलने पहिला स्पॉटर काढला. मुठीत मावेल एवढा. खोक्यावर ठळक लिहिलं होतं की दोन हजार यार्डांवरचं दिसतं. मी विचारलं, "दोन हजार यार्डांवर काय दिसतं?"

"उष्णता दिसते, मॅम. तिथे काहीतरी आहे हे कळतं."

"काहीतरी म्हणजे? कोयोट की ससा की शेजारी?"

तो जरा चाचरला. म्हणाला, "एवढ्या लांबून ठिपका दिसेल."

मी तीस वर्षं रेडिओलॉजिस्ट होते. करड्या रंगात माणसांच्या पोटात आणि छातीत काय वाढतंय ते शोधण्यात माझं आयुष्य गेलं. रिपोर्टवर 'काहीतरी आहे' असं लिहून पेशंटला घरी पाठवता येत नाही. काय आहे ते लिहावं लागतं. दिसणं निराळं आणि ओळखणं निराळं, आणि खोक्यावर नेहमी दिसण्याचाच आकडा मोठा छापतात. हे मी त्याला सांगितलं तेव्हा त्याने तो स्पॉटर मुकाट्याने आत ठेवला.

दुसरा काढला. त्यात सगळं जग लाल, पिवळं, जांभळं. "हे काय, गणपतीची रोषणाई?" मी यतीनला म्हटलं. डेलने बटण दाबून तो काळापांढरा करून दिला, म्हणाला, बऱ्याच लोकांना रंग आवडतात. आवडोत बापडे. मला रंगीत खुनी नको होता. मला शेपूट अर्धी आहे की पुरी, ते बघायचं होतं.

डेल आम्हाला मागच्या पार्किंगमध्ये घेऊन गेला. कडाक्याची थंडी. मी यतीनला पार्किंगच्या टोकाला, ढकलगाड्या लावतात तिथे उभं केलं. आमच्या वरच्या खिडकीपासून शेडमागच्या झाडांपर्यंत साधारण तेवढंच अंतर आहे. "हातमोजे काढ आणि बोटं दाखव," मी ओरडले.

"मावशी, गोठतील ना!"

"गोठू देत. काढ."

दुसऱ्या स्पॉटरमधून हाताच्या जागी नुसता पांढरा पंजा दिसला, कुकरमध्ये जास्त शिजलेल्या बटाट्यासारखा. तिसरा घेतला. यातलं पिक्सेलचं जाळं दाट होतं, चित्र स्वच्छ, पण भिंग लहान. तीन बोटं की चार, छातीठोकपणे सांगता येईना. डेल म्हणाला, झाडीत एवढं पुरतं, मोठं भिंग घेतलंत तर एका वेळी दिसणारी जागा कमी होते, शोधत बसावं लागतं. मी म्हटलं, मला वेळ आहे. मग त्याने त्याच जातीचा, मोठ्या भिंगाचा चौथा आणला. माझ्या चष्म्याप्रमाणे नजर जुळवून दिली. आणि लांबवर यतीन उभा राहिला, नाकासकट, कानांसकट, वैतागलेल्या तोंडासकट.

"दोन!" मी ओरडले. "आता चार! आता तू मला अंगठा दाखवतोयस, गाढवा!"

गंमत अशी की त्या हातांकडे बघता बघता बोटांची टोकं काळी पडत गेली. आधी नखांपाशी, मग पेरापेरांनी खाली. थंडीत रक्त सगळ्यात आधी टोकं सोडून देतं, हे पुस्तकात वाचलेलं, पण असं जिवंत कधी पाहिलं नव्हतं. मी जरा जास्तच वेळ बघत राहिले. यतीन हात काखेत घालून नाचायला लागला तेव्हा त्याला परत बोलावलं.

"हाच," मी डेलला म्हटलं. त्याने दोन गोष्टी बजावल्या. थंडीत बॅटरी लवकर संपते, जास्तीची खिशात, अंगाच्या उबेत ठेवा. आणि काचेतून यातलं काही दिसत नाही, खिडकी उघडावी लागेल. किंमत विचारू नका. यतीन कानात कुजबुजला, "मावशी, महिनाभर रिटर्न करता येतं. काम झालं की देऊन टाका. आपले सगळे करतात."

"बुंदीचा सूड मी रिटर्न पॉलिसीवर घेणार नाही," मी म्हटलं, आणि कार्ड पुढे केलं.

त्या संध्याकाळी अमेयच्या जुन्या खोलीत, वरच्या खिडकीत बसले. सवयीने स्पॉटर आधी काचेलाच लावला, तर समोर माझंच भुताटकीचं तोंड. मग खिडकी वर सरकवली. अंगावर गोधडी, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. खालून हेमचंद्र ओरडला, "रेखा, हीटिंग चालू आहे! खिडकी काय उघडतेस?" मी गोधडी कानांवर ओढली. अंधार माझ्यापुढे उघडा पडला होता. कुंपणाखाली दोन ससे. लांब झाडीत एक हरणी. आमच्या छपराच्या कडेने ऊब बाहेर पळताना दिसत होती, ते पैसे वेगळेच. त्याचा मात्र पत्ता नव्हता. पण पहिला दिवस थोडा उशिराच सुरू झाला होता, म्हणून दुसऱ्या दिवशी पाचलाच जाऊन बसले.

साडेपाचला मागचं दार उघडलं आणि हेमचंद्र बाहेर आला. त्यात विशेष काही नाही. रोज या वेळेला तो शेडमधून शेकोटीची लाकडं आणतो, सासूबाई गेल्या तेव्हापासूनची सवय आहे. मला वाटायचं, फोनची वेळ रिकामी झाली, म्हातारा कुठेतरी पाय मोकळे करतो. आता मात्र मी त्याला स्पॉटरमधून पाहत होते. डोकं पांढरं, कोट करडा, हात उघडे. आणि त्या हातांमध्ये एक पांढराशुभ्र गोळा. त्याने दार पायाने ओढलं. शेडकडे वळला नाही. शेडमागे झाडांच्या तोंडाशी एक सपाट दगड आहे, तिथे गेला, वाकला, गोळा खाली ठेवला, आणि हात जोडून उभा राहिला.

ताट दिसत नव्हतं. ताट गार होतं. त्यातला भात दिसत होता.

मला सगळं कळलं. सासूबाई गेल्या त्या कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत. विमानं बंद, हा इथे अडकलेला. चुलतभाऊ पुरुषोत्तमने सगळं केलं, आणि दहाव्याला घाटावर फोन धरून उभा राहिला. इथे आम्ही पडद्याकडे डोळे लावून. पिंड मांडलेले, कावळे झाडावर बसलेले, पण एक खाली उतरेल तर शपथ. पुरुषोत्तमने सगळी वचनं देऊन पाहिली, हेमचंद्र इथून फोनमध्ये "आई, मी येतो, आई, मी येतो" म्हणत राहिला, कावळा शिवलाच नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून शिववला. हेमचंद्रच्या मनातून ते गेलं नाही. मग तो इथे ताट ठेवायला लागला, वरणभात, वर तूप. मी तेव्हाच सांगितलं होतं, अरे, रॅकून येतील, जनावरं सोकावतील, बंद कर. "बंद केलं," म्हणाला होता.

आणि ठेवायचा तेही कधी, तर अमरावतीच्या पहाटे पाचला! आईची चहाची वेळ! इथे त्या वेळेला काळोख. कावळे कधीचे झाडांवर झोपलेले. त्या वेळेला जेवायला कोण येणार?

आला. झाडांमधून सावकाश, घरच्यासारखा. कान, नाक, चार पाय, सगळं स्वच्छ दिसत होतं. वळला तेव्हा शेपूट दिसली. अर्धी. दगडावर पुढचे पाय टेकवून त्याने सासूबाईंचं ताट चाटूनपुसून साफ केलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. वाटलं, आत्ता खाली जाऊन याची कॉलर धरावी. पण अख्खी फिल्म पाहिल्याशिवाय मी आयुष्यात रिपोर्ट दिलेला नाही. तोंडाला कुलूप घातलं. रात्री त्याला पिठलं वाढलं, वर कांदा फोडून दिला. तो म्हणाला, "छान झालंय." मी म्हटलं, "खा." पुढच्या दोन्ही संध्याकाळी तेच झालं. दार पायाने ओढणं, दगड, जोडलेले हात, लाकडं. मग तो पाहुणा. मी यतीनला शनिवारी बोलावलं.

शनिवारी यतीन रायफल खिडकीच्या चौकटीवर टेकवून बसला. खाली हेमचंद्र गेला, आला, लाकडं ठेवल्याचा आवाज झाला. मी जिन्यावरून हाक मारली, "जरा वर ये. तुला काहीतरी दाखवायचंय."

तो आला. यतीनला बघून चपापला. मी स्पॉटर त्याच्या डोळ्याला लावला आणि दगडाकडे वळवला.

"बघ. तुझी आई आलीय जेवायला."

हे वाक्य मी तीन दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. चाळीस वर्षं म्हणा हवं तर. त्याचा चेहरा कसा पडतो ते मला बघायचं होतं, म्हणून मी खिडकीकडे पाहतच नव्हते. चेहरा पडला नाही. त्याने फक्त श्वास सोडला.

यतीन हळूच म्हणाला, "मावशी, एकदम क्लिअर आहे. घेऊ?"

"जेवताना नको," हेमचंद्र म्हणाला. "यतीन, ताटावर आहे तो. जेवू दे आधी."

आणि त्या नागपूरच्या ढाण्या वाघाने, दरवर्षी हरणं लोळवणाऱ्याने, ट्रिगरवरचं बोट काढलं. "काका म्हणतात ते... मावशी, भरल्या ताटावरून उठवायचं म्हणजे..."

"माझी बुंदी काय त्याच्या ताटात वाढली होती का मी?" मी ओरडले असेन, कारण कोयोटने मान वर केली. दोन उड्यांत तो झाडीत गेला. ताट तोवर रिकामं झालेलंच होतं.

"तुला माहीत होतं," मी हेमचंद्रला म्हटलं.

"दोन हिवाळे झाले." तो अमेयच्या पलंगावर बसला. "पहिल्यांदा ताट रिकामं दिसलं तेव्हा मी शेडमध्ये बसून रडलो, रेखा. वाटलं, आई जेवली. मग एकदा बर्फात पावलं दिसली. कावळ्याची नव्हती. पण कुणीतरी येत होतं ना. रोज. तिच्या वेळेला."

"आणि दार?"

तो पलंगावरची चादर सारखी करायला लागला.

"हेमचंद्र, त्या दिवशी दार कुणी उघडं टाकलं?"

"दोन्ही हातांत ताट होतं. पायाने ओढलं. लागलं नसेल. भाताच्या वासाने ती माझ्या मागे आली. मी शेडमध्ये लाकडं भरत होतो, मला... मला आवाजच आला."

"आणि मला 'असेल' म्हणालास."

यतीनने गोळ्या काढून घेतल्या, रायफल पिशवीत घातली आणि चहा न घेता, "निघतो मावशी," म्हणत जिना उतरला. मी त्याला थांबवलं नाही. त्या अर्ध्या शेपटीच्याला मारून आता माझं काय होणार होतं? त्याला रोज ताट वाढलं जात होतं, तो रोज येत होता. जनावर ते. मुकं. माझं काळीज जाळणारा माणूस माझ्यासमोर पलंगावर बसला होता. त्याला बोलता येत होतं आणि तो महिनाभर बोलला नव्हता.

"उद्यापासून दोन ताटं," मी म्हटलं. "आईचं ठेव तू. मी नाही म्हणणार नाही. पण शेजारी बुंदीचा वाडगा ठेवायचा. आणि ठेवण्याआधी हाक मारायची. रोज जशी मारायचास तशी, मोठ्याने. मला खिडकीत ऐकू आली पाहिजे."

"रेखा, असं नको ना."

"हातमोजे न घालता," मी म्हटलं. "आईला तर तसंच वाढतोस."

दुसऱ्या दिवशी मी चिकन आणि भात शिजवला, बिनमिठाचा, तिला लागायचा तसा. स्टीलच्या वाडग्यात गरम गरम भरला. हेमचंद्रने डाव्या हातात ताट, उजव्या हातात वाडगा घेतला. दाराजवळच्या फळीवर त्याचे हातमोजे होते. ते मी उचलले आणि वर खिडकीत जाऊन बसले.

आईचं ताट त्याने दगडावर ठेवलं. हात जोडले. मग बाजूला टेकवलेला वाडगा उचलून दोन्ही हातांत धरून उभा राहिला. उभाच राहिला. हाक येईना. मी स्पॉटरमधून त्याच्या बोटांकडे बघत होते. टोकं काळी पडली. मग एक पेर. मग दुसरं. हातमोजे माझ्या मांडीवर होते आणि मला बरं वाटत होतं, अगदी खरं सांगते. आता ओरडू दे, मोडू दे याला, म्हणत होते मी मनात. झाडांच्या कडेला पांढरे कान दिसले, तो येऊन बसला होता. तोही थांबला होता.

शेवटी उघड्या खिडकीतून आवाज आला. फाटलेला, बारीक. "बुंदी... ये गं. बुंदी."

त्या हाकेवर कोयोट उठला आणि आला.

आईच्या ताटाकडे त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. चिकनचा वास होता. सरळ हेमचंद्रच्या हातांतल्या वाडग्याकडे मान ताणून आला, दोन पावलांवर. हेमचंद्र क्षणभर हललाच नाही. आणि मग, ज्या माणसाने उभ्या जन्मात घरात मांजरावर हात उगारला नाही, त्याने वाडगा छातीशी धरून अशी आरोळी ठोकली की शेजारच्या मैलभरातली कुत्री भुंकायला लागली. "तिचं आहे ते! हात लावायचा नाही! तिचं आहे!" त्याने लाथ मारली. कोयोटला लागली की नाही माहीत नाही. आईच्या ताटाला लागली. ताट उडालं आणि भात बर्फावर चहूकडे पांगला, शीत न् शीत पांढरं. हेमचंद्र वाडगा घेऊन त्या जनावराच्या मागे झाडांपर्यंत धावला, शिव्या देत, अमरावतीच्या अस्सल शिव्या, ज्या त्याला येतात हे मला चाळीस वर्षांत ठाऊक नव्हतं.

मग तो परत येऊन गुडघ्यांवर बसला. बर्फावरची शितं एकेक करून विझत होती. एका हाताने वाडगा धरून दुसऱ्या काळ्या पडलेल्या हाताने तो अंधारात ताट चाचपत होता, जे अगदी त्याच्या पायाशी होतं. त्याला दिसत नव्हतं. मला दिसत होतं.

मी हातमोजे घेऊन खाली गेले. मागचं दार या वेळेलाही लागलेलं नव्हतं. बर्फातून त्याच्यापर्यंत गेले, ताट उचलून काखेत मारलं आणि त्याचे हात एकेक करून मोज्यांत कोंबले. वाडगा तो सोडत नव्हता, तो आम्ही दोघांनी मिळून दगडावर ठेवला. तो हमसून हमसून रडत होता. मीही.

"चल आत," मी म्हटलं. "आणि दार नीट लावून घे."